तात्यांचा उजवा पाय

जामखेडात अशी अफवा आहे की रखमाजी तात्यांना ट्रकचा माज चढलाय. माणूस खिडकीखाली उभा राहून बोलायला लागला, की तात्या ऍक्सिलेटर दाबतात म्हणे. समोरच्यानं म्हणावं, "तात्या, आमच्या तेवढ्या विटा..." की घुर्रर्रर्र. "तात्या, पोरीच्या लग्नाला या बरं का..." घुर्रर्रर्र. "तात्या, मागच्या टायमाला तुमी..." घुर्रर्रर्रर्र, आणि वर काळ्या धुराचा लोट. बोलणाऱ्याचं नुसतं तोंड हलताना दिसतं, आणि तात्या वरून एखाद्या पुढाऱ्यासारखी मान डोलावतात. त्यांनी सख्ख्या मेव्हण्याला चालत्या गाडीत चढवलं आणि चालत्या गाडीतून उतरवलं, असंही लोक सांगतात.

मेव्हण्याचं खरं आहे. तो अजून बोलत नाही. बाकीचं मात्र दुरुस्त करायला हवं, आणि ते मीच करणार, कारण आमचं घर तात्यांच्या समोर आहे आणि त्या गाडीचा आवाज मला पाढ्यांपेक्षा पक्का पाठ आहे.

तात्यांना माज नाही. म्हणजे आहे, पण तो मिशीचा आहे, आवाजाचा आहे, रिव्हर्स घेताना मागं न बघण्याचा आहे. लोकांशी बोलताना ते गाडी रेस करत होते, कारण पाय उचलला की गाडी मरत होती. रस्त्यावर पळताना एकदम झकास. थांबली, गिअर काढला, पाय वर घेतला, की धडधडधडधड... धड-धड... धड... ख्यॅक. संपलं. मग स्टार्टर मारा, बॅटरीला शिव्या द्या, मागच्यांचे हॉर्न ऐका. म्हणून तात्यांनी ठरवलं होतं की पाय उचलायचाच नाही. त्या पायाला अशी सवय लागली की जेवायला बसले तरी उजवा पाय हळूहळू जमीन दाबायचा. भामाकाकू, म्हणजे तात्यांची बायको, भाकरी वाढता वाढता म्हणायच्या, "आवं, घर पळंल आपलं. दाबू नका."

हे सगळं सुरू झालं संक्रांतीनंतर. हायवेवरच्या एका पंपावर तात्यांनी बायोडिझेल भरायला सुरुवात केली. ते डिझेलपेक्षा स्वस्त पडतं, हे खरं कारण. तात्यांनी वस्तीला सांगितलेलं कारण वेगळं होतं. एक पाय बंपरवर, एक हात मिशीवर, आणि आवाज असा की पलीकडच्या आळीतली शेळीसुद्धा वर बघेल:

"हे जमिनीतनं न्हाई निघत. बियांचं तेल, तळनीचं तेल, त्याच्यापासनं करत्यात. उद्या समदं जग ह्याच्यावर चालनार हाय. आपन आजच चाललो!"

"जग चालंल वो," काकू आतून म्हणाल्या. "तुमची उभी राहती का बघा."

तेव्हा ती उभी राहत होती, म्हणून तात्या हसले. सुरुवातीचे दिवस मजेचे गेले. धुराला भज्यांचा वास यायचा. तात्या स्टँडवरून गेले की लोकांना भूक लागायची, आणि तिथला भजीवाला म्हणायचा, "तात्या, रोज दोन चकरा मारत जा, धंदा वाढतोय." मग फेब्रुवारी सरता सरता पहिला ख्यॅक झाला, आणि त्यानंतर रोजच व्हायला लागला.

एवढ्यावर भागलं असतं तर तात्यांनी जन्मभर पाय दाबून गाडी चालवली असती. पण पुढं जयंती होती.

आमच्या वस्तीत चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत बाबासाहेबांची प्रतिमा तात्यांच्या गाडीवर असते. आधी तात्यांच्या वडिलांची बैलगाडी होती. बैल गेले, वडील गेले, ट्रक आला, पण मान तिथंच राहिला. तात्या वर्षभर विटा वाहतात, कडबा वाहतात, कुणाचं घरसामान वाहतात, पण त्यांना विचारलं की ते सांगणार, "माझी गाडी जयंतीची हाय. बाकीच्या टायमाला रिकामी हाय म्हनून भाडी मारतो."

मार्चअखेर विहारात बैठक बसली. अध्यक्ष काकासाहेब. काकासाहेब बोलत नाहीत, भाषण करतात. घरात तहान लागली तरी म्हणतात, "या ठिकाणी मला पाणी पाहिजे." त्या दिवशी त्यांनी घसा साफ केला, दोन्ही हात मागं बांधले आणि समोर माईक नसताना माईकच्या उंचीवर तोंड नेलं.

"रखमाजी, या ठिकाणी आपल्या गाडीबद्दल सर्वांना आदर आहे. परंतु मिरवणूक म्हणजे चालणं कमी आणि उभं राहणं जास्त. लेझीमवाले चार पावलं पुढं येतात, तीन मागं जातात. या ठिकाणी आपली गाडी उभी राहते का? प्रतिमा घेऊन गाडी भर चौकात बंद पडली, तर लोक काय म्हणतील?"

"कोन म्हनतं उभी राहत न्हाई?" तात्या उठलेच. "भाईर उभी हाय की! आयका! आयका तिचा आवाज!"

सगळ्यांनी कान दिले. बाहेर गाडी छान धडधडत होती. तात्यांनी एकेकाकडं बघत मिशीवरून हात फिरवला. फिरवून झाला, आणि बाहेरून आलं: धड-धड... धड... ख्यॅक.

नंतर कळलं की तात्या ऍक्सिलेटरवर वीट ठेवून आत आले होते. वीट घसरली.

कुणी तरी फिस्सकन हसलं. काकासाहेब हसले नाहीत, ते अध्यक्ष होते. ते म्हणाले, "तेरा तारखेला संध्याकाळी वंदनेच्या वेळी गाडी विहारासमोर उभी करा. वंदना सुरू झाल्यापासून संपेपर्यंत पाय वर. वीट चालणार नाही. गाडी राहिली, तर मान आपलाच. नाही राहिली, तर माझ्या पुतण्याची नवीन गाडी या ठिकाणी तयार आहे."

तात्या घरी आले ते काही न बोलता. तात्या गप्प, हा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. काकूंनी पाण्याचा तांब्या दिला तर म्हणाले, "बैल कधी मधीच बसलं न्हाईत गं." बस, एवढंच. काकूंनी लगेच फोन उचलून त्यांच्या हातात दिला, "लावा छगन मिस्त्रीला."

छगन मिस्त्रींचं गॅरेज नगर रोडला आहे. त्यांच्या गालात कायम तंबाखूची गोळी असते, त्यामुळे त्यांचा प्रत्येक शब्द ओल्या रस्त्यावरून घसरत येतो. प्रत्येक बोलण्याची सुरुवात "व्हिशय काय हाय" अशी. फोन स्पीकरवर होता.

"व्हिशय काय हाय तात्या, गाडी बघितल्याबिगर सांगता येत न्हाई. आवाज काढून दाखवा."

तात्यांनी छाती भरून घेतली आणि आवाज काढला, "धडधडधडधडधडधडधड!"

"ही तर चांगली हाय."

"व्हय, चांगलीच हाय."

"मग फून कशाला केलाय?"

तात्यांना आपल्या गाडीचं मरण स्वतःच्या तोंडानं काढवत नव्हतं. त्यांनी पुन्हा आवाज काढला, तर गाडी आधीपेक्षाही तंदुरुस्त. शेवटी काकूंनी फोन ओढून घेतला. "सरका तिकडं. मिस्त्री, आयका." आणि काकूंनी सुरू केलं. आधी बारीक धडधड, मग मधे एक ठोका चुकवला, मग उसासा टाकल्यासारखं धड... धड... आणि ख्यॅक. मी मास्तरांपासून मिक्सरपर्यंत सगळ्यांचे आवाज काढते, पण काकूंसारखा ख्यॅक मला आजवर जमलेला नाही. पलीकडून मिस्त्री म्हणाले, "आरारारा. घेऊन या."

मिस्त्रींनी पहिल्यांदा डिझेलचा फिल्टर उघडला. आत डांबरासारखा काळा गाळ.

"व्हिशय काय हाय, ह्ये बायोडिझेल लई सोच्छ असतंय. टाकीत वर्षानुवर्षाची घान चिकटलेली, ती ह्यानं खरवडून काढली, अन् सगळी येऊन बसली फिल्टरमधी. आता नवा घातला. जावा."

गाडी उभी राहिली. तात्यांनी स्टँडवर सगळ्यांशी पाय वर घेऊन गप्पा मारल्या, लग्नाची आमंत्रणं नीट ऐकली. पण दोन दिवसांतच परत ख्यॅक. मग टाकी उतरवून धुतली, आणखी एक फिल्टर बदलला. तरी ख्यॅक. मग मिस्त्रींनी इंजिनाच्या डिझेल-पंपाचा स्क्रू फिरवून रेसच वाढवून ठेवली. आता गाडी मरत नव्हती हे खरं, पण पाय न लावताच अशी सुसाट ओरडत होती की खिडकीच्या काचा दात वाजवायला लागल्या, आणि पहिल्या गिअरमध्ये टाकली की उडीच मारायची.

"हिच्यापुढं लेझीम खेळनार पोरं?" काकू म्हणाल्या. "मिरवनूक हाय का बैलांचा शंकरपट?"

स्क्रू परत मागं फिरवला. परत ख्यॅक. एप्रिल उजाडला होता. तात्या आता दुसऱ्यांची नावं घ्यायला लागले होते: बॅटरी खराब, पंपवाला खराब, ऊन जास्त, मेव्हण्याची नजर वाईट.

मग एका सकाळी मिस्त्री स्वतः वस्तीत आले. फिल्टरवरचा छोटा स्क्रू सैल करून हातपंप मारायला लागले, तर डिझेलऐवजी फेस आला. मिस्त्रींनी तंबाखू थुंकली. हे फार मोठं लक्षण, ते सहसा गिळतात.

"हवा घेती," ते स्पष्ट म्हणाले. तोंड रिकामं असलं की त्यांचा आवाज अगदी बातम्या देणाऱ्यासारखा येतो. "पळताना पंप जोरात ओढतो, तवा जमून जातंय. उभी राहिली की थोडंच तेल लागतं, त्यात हवेचा घोट आला की गेली."

"कुठनं घेती?"

"तेच तर घावंना."

त्यांनी सगळे नट आवळले, वायसर बदलले, जोडाजोडाला बोट लावून पाहिलं. टाकीपासून पंपाकडं एक रबरी नळी जात होती, तिच्यापाशी आले आणि पुढं गेले. "ही नवी दिसती." खरंच, नळी चकचकीत निळी होती, आरशासारखी.

काकू भाजी निवडत बसल्या होत्या. लग्नाआधी त्यांनी गवंड्यांच्या हाताखाली बरंच काम केलेलं. त्या म्हणाल्या, "गवंड्याची लेवलची नळी असती बघा. आरपार दिसती. तिच्यात बुडबुडा राहिला तर भिताड वाकडं येतं, म्हनून आमी आधी बुडबुडं हुडकायचो. तसली लावा की मधी. बुडबुडा कुठनं येतो ते दिसंल."

मिस्त्रींनी काकूंकडं पाहिलं, मग माझ्याकडं, कारण माझे वडील, म्हणजे दादा, गवंडी आहेत. दादा आधी तयार होईनात. "उद्या स्लॅपची लेवल काढायचीय. मालकाच्या घराला भज्याचा वास आला म्हंजे?" पण शेवटी त्यांनी आपली नळी बघितली, सुस्कारा सोडला आणि एक तुकडा कापून दिला.

तो तुकडा निळ्या नळीच्या पुढं, पंपाच्या आधी बसवला. तात्यांनी स्टार्टर मारला, पाय वर घेतला. आम्ही सगळे वाकून बघत होतो. आणि आले! सोड्याच्या बाटलीत येतात तसे, एकामागं एक, बुडबुडे आणि बुडबुडे. धड... धड... ख्यॅक.

"म्हंजे त्या निळ्या नळीतनं," मिस्त्री म्हणाले. "तात्या, ही कवा बसवली?"

"नवीच हाय."

"कवा?"

तात्या विचारात पडले. "आपल्या योगेशच्या बारशाला."

योगेश म्हणजे तात्यांचा मुलगा. पुण्याला कंपनीत आहे. गेल्या दिवाळीत त्याच्या डोक्यावर टक्कल दिसायला लागलं.

आता सांगते. जयंतीच्या आधी तात्या दर वर्षी गाडी निळी करतात. हे पुष्कळ लोक करतात. पण तात्या म्हणजे तात्या, त्यांचा नियम असा की बाबासाहेबांची गाडी आहे, तर दिसणारं न दिसणारं सगळं निळं पाहिजे. म्हणून पाठीवर झोपून खालचे पाटे निळे, पाईप निळे, नट निळे. आणि ती रबरी नळी दर वर्षी एक हात, कधी उत्साहात दोन. मिस्त्रींनी नळी काढून आडवी कापली. आत रबर होतं, पण काकवीसारखं चिकट, बोटाला लागणारं. आणि त्याच्याभोवती रंगाचे पापुद्रे, कांद्यासारखे, फिका निळा, गडद निळा, परत फिका, एका वर्षी रंग संपला होता तेव्हाचा थोडा हिरवट.

मिस्त्रींनी तो तुकडा सगळ्यांना फिरवून दाखवला.

"तात्या, हितं नळी न्हाईच. नळी कवाच वारली. एवढी वर्सं रंगावर गाडी चालत हुती. बायोडिझेलनं आतनं रबर खाल्लं अन् पाझरून भाईरचा रंग बी खाल्ला, म्हनून आता उघडं पडलं."

आम्हाला वाटलं तात्यांना वाईट वाटेल. तात्यांनी तुकडा हातात घेतला, उजेडाकडं धरला, कौतुकानं म्हणाले, "म्हंजे रंग चांगल्या क्वालिटीचा हुता."

मिस्त्रींनी बायोडिझेलनं न विरघळणारी काळी नळी नगरहून आणून बसवली. तेराच्या संध्याकाळी गाडी विहारासमोर उभी राहिली. तात्या सीटवर, दोन्ही हात जोडलेले, आणि काकासाहेबांनी एक माणूस दारात उभा केला होता, आत वीट आहे का बघायला. वंदना सुरू झाली. वस्ती डोळे मिटून म्हणत होती, पण प्रत्येकाचा एक कान बाहेर होता. गाडी धडधडत राहिली. शेवटच्या ओळीला तर बायांनी आवाज एवढा खाली आणला की गाडीच मोठ्यानं म्हणतेय असं वाटलं. वंदना संपली. काकासाहेबांनी डोळे उघडले, घसा साफ केला.

"या ठिकाणी," ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांना पुढचं सुचेना, "राहिली."

पण मला खात्री नव्हती. संध्याकाळच्या गारव्यात रिकामी गाडी उभी राहणं वेगळं, आणि एप्रिलच्या उन्हात, वर सजावट, पोरं, जनरेटर घेऊन गोगलगायीसारखं सरकणं वेगळं. चौदाच्या दुपारी मी पोरांना काकूंचा ख्यॅक करून दाखवत होते. तात्या मागं येऊन उभे राहिले.

"लाव पैज."

"लावा."

"चौकापातूर गाडी एकदा जरी आपसूक मेली, तर वरीसभर हॉर्न तुझा."

तात्यांचा हॉर्न चार सुरांचा आहे, आणि त्याला त्यांच्याशिवाय कुणी हात लावलेला नाही. काकूंनीसुद्धा नाही. माझ्या तोंडाला पाणी सुटलं. "आणि नाही मेली तर?"

"तर खाली शिरायचं, अन् समद्या नळ्यांवरचा, पाईपांवरचा रंग खरवडून काढायचा. मिस्त्री म्हनलाय, परत काय फुटलं तर दिसलं पाहिजे."

मिस्त्री पंच. हातावर हात.

मिरवणूक निघाली. मी गाडीच्या चाकाला चिकटून चालत होते, कान इंजिनाला. लेझीमवाले चार पावलं पुढं, तीन मागं. मागं बाया गात होत्या, पोरं गुलालात नव्हे, निळीत न्हाली होती. प्रत्येक थांब्यावर तात्या न्यूट्रल करायचे, हँडब्रेक ओढायचे, आणि सीटवर चक्क मांडी घालून बसायचे, सगळ्यांना दिसेल अशी. ज्यांच्या तोंडावर त्यांनी महिनाभर घुर्रर्र केलं होतं, त्यांना हाका मारून मारून बोलावत होते, "काय म्हनत हुता तवा? बोला, बोला आता!" मेव्हणाही दिसला. त्यालाही हाक मारली. तो दुसरीकडं बघायला लागला.

एका वळणावर एक ठोका चुकला. गाडीनं सावरलं.

बाबासाहेबांच्या पुतळ्याचा चौक आला. गर्दी गच्च. हलगी कडकडली, थांबली. आणि त्या शांततेत मला जाणवलं की खरोखरच शांतता आहे. धडधड नाही. काहीच नाही.

"मेली!" मी ओरडले. "मेली! मिस्त्री, मेली!"

मागं काकूंचा चेहरा पांढरा पडला. काकासाहेबांनी पुतण्याकडं मान वळवली. दार उघडलं आणि तात्या उतरले. बोटात किल्ली गरगर फिरत होती.

"मेली न्हाई," ते म्हणाले. "मीच बंद केली. पुतळ्याला वंदन करायचं, तर इंजिन कशाला बोंबलत ठेवू?"

"आवं, पर चालू व्हईल का?" काकूंनी सगळ्या वस्तीच्या वतीनं विचारलं.

फेब्रुवारीपासून ज्या माणसानं धास्तीनं पाय उचलला नव्हता, त्यानं भर चौकात हार घातला, वंदन केलं, मग मठ्ठा वाटत होते त्या टेबलापाशी गेला, ग्लास घेतला, मीठ कमी आहे म्हणाला, दुसरा घेतला, आणि मग एका पोराच्या हातातली लेझीम घेऊन दोन डाव खेळला. उजवा पाय असा उडत होता की बघत राहावं. सगळी मिरवणूक तशीच थांबून गाडीकडं बघत होती. मग तात्या वर चढले, किल्ली लावली, आणि स्टार्टर नीट मारायच्या आतच धडधडधडधडधड.

मी खूप भांडले. म्हटलं, आवाज थांबला म्हणजे थांबला. मिस्त्रींनी तंबाखू एका गालातून दुसऱ्या गालात नेली. "व्हिशय काय हाय, आपसूक म्हनलेलं. किल्लीनं बंद केली. तू हरली."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडीखाली पाठीवर झोपून पॉलिश पेपरनं पाईप घासत होते. निळी पूड डोळ्यांत, नाकात, वेणीत. वर तात्या विटांच्या ढिगावर बसून मला कुठं राहिलं ते पायानं दाखवत होते. मग ते खाली वाकले आणि त्यांच्या हातात छोटा डबा आणि ब्रश दिसला.

"पोरी, त्या काळ्या नळीला एकच हात मारू का? पातळ?"

काकूंचे पाय आले, डबा वर गेला, काकूंचे पाय गेले. ब्रश तेवढा तात्यांच्या हातात राहिला. मग ते उठले, केबिनचं दार उघडल्याचा आवाज आला, आणि मी नेमकी इंजिनाखाली सरकलेली असताना माझ्या डोक्यावर त्यांनी हॉर्न वाजवला. सावकाश, चारही सूर.